खारानं खाल्लेला रुपया

आमच्या थोरल्या साडूंनी उभ्या आयुष्यात कुठल्याही वस्तूला 'छान' म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. त्यांची आणि माझी बायको सख्ख्या बहिणी, त्यामुळे पस्तीस वर्षं मला त्यांचंच ऐकावं लागलं आणि ऐकून घ्यावंही लागलं. ते मोजणी खात्यात होते. दिवसभर लोकांच्या बांधांना साखळी लावायची आणि घरी आल्यावर जुनी नाणी भिंगाखाली धरायची, असा त्यांचा दुहेरी संसार होता. नाणं कुठल्या राजाचं, कुठल्या सालातलं, हे सांगणारे नगरात पुष्कळ होते. साडूंना त्यात फारशी गोडी नव्हती. नाणं आज कुठल्या अवस्थेत आहे, त्याच्या अंगावर काय काय झालं आहे, एवढंच ते पाहत. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या पाच पायऱ्या केल्या होत्या: कोरं, जपलेलं, चाललेलं, झिजलेलं आणि गेलेलं. या पाच पायऱ्यांवर त्यांनी नाण्यांबरोबर सगळी सृष्टी बसवून टाकली होती. पुरणपोळी ताटात आली की पहिल्या घासाआधी तिला तिरकी धरून म्हणत, "जपलेली आहे." माझ्या लग्नातला सफारी त्यांच्या मते चाळिशीपर्यंत 'चाललेला' होता. माझे केस 'झिजलेले' वरून 'गेलेले' कधी झाले, याची तारीख माझ्या आधी त्यांना माहीत होती. ते मला 'अहो धाकटे' म्हणत, मी त्यांना 'साडूसाहेब' म्हणे, आणि पस्तीस वर्षांत या दोन्ही संबोधनांतला खोचकपणा काही झिजला नाही.

नाणं नेहमी कडेनं धरायचं, पृष्ठभागाला बोट लावायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. बोटाचा घाम धातूवर बसतो आणि ठसा वर्षानुवर्षं राहतो, असं ते सांगत. हळूहळू त्यांच्या हाताला दुसरं काही धरताच येईना. चहाची बशी कडेनं, बिस्किट कडेनं, लग्नाची पत्रिका कडेनं. भाजीबाजारात कोथिंबीरवालीनं दहाचं नाणं परत दिलं, तर तेही दोन बोटांत कडेनं उचलून उजेडाकडे वळवत, आणि मागची बाई ओरडे, "आवो बाबा, खोटं न्हाई त्ये, घ्या नि व्हा म्होरं!" नाण्याची झळाळी बघायची तर ते कुशीवर वळवावं लागतं, म्हणजे उजेड त्याच्या अंगावरून फिरतो. त्या सवयीनं साडूंची मानही कायम थोडी कललेली असे. आमच्या घराण्यातल्या एकूण एक लग्नाच्या फोटोत सगळे सरळ बघताहेत आणि हे एकटे वधूवरांचा पृष्ठभाग तपासताहेत. त्यांच्या घरी उत्तरेच्या खिडकीशी एक शहाबादी फरशी होती. तिच्यावर खुर्ची ठेवायची नाही, पाय द्यायचा नाही, कुणी दिलाच तर बायकोला, म्हणजे माझ्या मेहुणीला, जाब विचारला जाई. त्या फरशीवर नाणं वीतभर उंचीवरून सोडून ते डोळे मिटून ऐकत. घरात कुणी त्या वेळी शिंकलं तर नाणं पुन्हा सोडावं लागे.

दिवाळी हा त्यांचा शोकाचा सण. लक्ष्मीपूजनाला घरोघरी जुने चांदीचे रुपये निघतात आणि आदल्या दिवशी बायका ते चिंच आणि रांगोळी लावून लख्ख घासतात. साडू वसुबारसेपासून नातेवाइकांच्या घरी फिरत आणि हात जोडून सांगत, 'घासू नका, नुसतं हळदकुंकू वाहा.' एकदा त्यांना आमच्याकडे पोहोचायला अर्धा तास उशीर झाला. बायको आजीचा रुपया घासून तो उन्हात धरून बघत होती. साडू मटकन पायरीवर बसले. पाणी मागितलं. मग म्हणाले, "अगं, हा रंग चढायला शंभर वर्षं लागली. तू अर्ध्या चिंचेत उतरवलास." माझी बायको म्हणाली, "मग लक्ष्मी काळ्या तोंडाची पूजायची का, भाऊजी?" त्या दिवाळीत त्यांनी आमच्याकडची करंजी खाल्ली नाही, आणि ज्या माणसानं करंजी नाकारली त्याचा राग माझ्या बायकोनं पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत जपला. चाललेला सुद्धा नाही, अगदी कोरा.

एवढं सगळं असलं तरी जिल्ह्यात त्यांच्या शब्दाला किंमत होती. श्रीगोंद्याहून, नेवाशाहून माणसं फडक्यात गुंडाळलेली नाणी घेऊन यायची. "साहेब, बांधाला घावलंय बघा. लई जुनं हाय." साडू आधी त्यांना हात धुवायला लावत, मग चहा देत आणि मग बघत. पैसा कधी घेतला नाही. बघण्याचा क्रम ठरलेला. आधी कड. नाणं ठोकून पाडलेलं असेल तर कडेला घणाच्या घावानं बारीक भेगा पडतात. साच्यात ओतलेलं नकली असेल तर भेगा नसतात, उलट साच्याच्या जोडाची पुसट रेघ दिसते. कडेनंतर पृष्ठभाग, त्यानंतर वजन, आणि शेवटी फरशीवरचा आवाज. "कड आधी," ते मला शंभरदा म्हणाले असतील. "चेहरा कुणालाही करता येतो, धाकटे. कड करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही." पाहून झालं की सुंदर वळणदार अक्षरात हाताच्या दोन बोटांएवढी चिठ्ठी लिहीत: अवस्था, पृष्ठ, वजन, आवाज, कड. स्वतःच्या नाण्यांना लिहीत तशीच परक्याच्या नाण्यालाही. ती चिठ्ठी घेऊन माणूस घरी जाई, आणि तिच्यावर वाद होत नसे.

वाद एकदाच झाला. त्यालाही वाद म्हणणं बरोबर नाही, कारण निकालानंतर दुसरा माणूस निघूनच गेला. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नगरला एका शाळेच्या सभागृहात नाणी जमवणाऱ्यांचं प्रदर्शन होतं आणि अवस्था ठरवायला साडू बसले होते. मी त्यांचं भिंग आणि तराजू सांभाळायला शेजारी. राहाता तालुक्यातल्या एका गावातले प्राथमिक शाळेचे गुरुजी आले. सडपातळ, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. त्यांनी मखमलीच्या डबीतून एक रुपया काढला. नगरच्याच टांकसाळीत पाडलेला जुना मोगली रुपया. ते म्हणाले, "माझ्या रानात सापडला." हे वाक्य त्यांनी ज्या पद्धतीनं म्हटलं ते मला अजून आठवतं. पुढे कळलं की ते दोन एकर म्हणजे त्यांच्या घराण्यातलं पहिलं रान होतं. वाडवडिलांनी दुसऱ्यांच्या रानांत जन्म काढले. वडिलांनी धम्म घेतला, मुलाला शिकवलं, आणि साखर कारखान्यात उभी हयात घालवून हे रान घेतलं. त्या रानानं त्यांना तीनशे वर्षांपूर्वीचा रुपया दिला होता. साडूंनी भिंग लावलं. पृष्ठभर बारीक खड्डे होते, ओतीव नाण्यावर हवेच्या बुडबुड्यांचे असतात तसे. तराजूत घातला तर दीड मासा कमी भरला. टेबलाखालच्या फरशीवर सोडला तर खणखणीत न वाजता बोदा वाजला. गुरुजी म्हणाले, "साहेब, रान खारपड आहे, कालव्याच्या पाण्यानं खार वर आलाय. त्याचा काही परिणाम..." साडू हसले. "खार चांदीला काय करणार, गुरुजी? ओतीव आहे. तुम्हाला कुणीतरी विकलाय." आणि पुढच्या माणसाला हात केला. आजूबाजूला पंधरा-वीस माणसं होती, त्यांतलेही काही हसले. गुरुजींनी रुपया डबीत ठेवला, डबी खिशात ठेवली, नमस्कार केला आणि गेले. चिठ्ठी न घेता गेलेला तो पहिलाच माणूस. मला तेव्हा काही वाटलं नाही, हे कबूल करायला हवं. जेवायची वेळ झाली होती आणि आत भज्यांचा वास सुटला होता.

त्यानंतर सोळा वर्षं गेली. साडू निवृत्त झाले, मीही झालो. आमची सासरवाडी राहात्याच्या पलीकडे, त्याच कालव्याच्या पट्ट्यात. सासूबाई नव्वदीच्या घरात, ठणठणीत. त्यांना सगळ्या जावयांची नावं आणि सगळ्यांचे अवगुण तोंडपाठ. मेव्हण्याच्या रानाचा खालचा तुकडा खारानं पांढरा पडला होता, म्हणून पाणी काढून द्यायला तिथं खोल चर खणायचं काम चाललं होतं. आम्ही दोघं साडू पाहुणे म्हणून अंगणात शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा कामावरची एक बाई चिखलाचा हात घेऊन आली. "आजी, ह्ये बगा काय घावलं चरात. जोडवं दिसतंय. धुतलंय मी." सासूबाईंनी ते डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाल्या, "माझंच आहे. कांदे लावताना पायातून गेलं होतं. तुझे मामंजी तेव्हा रागावले होते." हे सुनेला. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मग त्या आत गेल्या आणि एक पत्र्याची डबी घेऊन आल्या. जोडीतलं दुसरं जोडवं त्यांनी इतकी वर्षं तिच्यात ठेवलं होतं. म्हणाल्या, "एक घालता येत नव्हतं, आणि टाकवत नव्हतं. आता दोन झाली, तर घालायचे दिवस नाहीत." आणि हसल्या. सासरे जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

साडूंनी सवयीनं दोन्ही जोडवी हातात घेतली, कडेनं. मी थट्टा केली, "सांगा साडूसाहेब, कोरं की गेलेलं?" त्यांनी खिशातलं भिंग काढलं. डबीतलं जोडवं गुळगुळीत, गोल, भरीव. चरातल्या जोडव्यावर सगळीकडे बारीक बारीक खड्डे. एकाच सोनारानं, एकाच दिवशी, एकाच चांदीतून घडवलेली जोडी. त्यांनी मेव्हण्याला तराजू मागितला. बियाणं तोलायचा का होईना, तराजू होता. दोन पारड्यांत दोन जोडवी टाकली. चरातल्याचं पारडं वर गेलं. मग ते उठले आणि ओट्याच्या फरशीवर एकेक जोडवं वीतभर उंचीवरून सोडलं. एक किणकिणलं. दुसरं बोदं वाजलं. सासूबाई म्हणाल्या, "खारानं खाल्लं हो. आमच्या विहिरीची कडी खाल्ली त्यानं, भिंत खाल्ली, रुपं काय सोडतो?" चांदीला त्या जुन्या चालीनं रुपं म्हणत. जी गोष्ट या पट्ट्यातल्या कुठल्याही म्हातारीला माहीत होती, ती जिल्ह्यातल्या एकमेव जाणकाराला माहीत नव्हती. साडू बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. जेवायला उठले नाहीत. मेहुणीनं विचारलं, पित्त झालं का? मला मात्र कळलं होतं, कारण प्रदर्शनाच्या त्या दिवशी तराजू मी धरला होता.

परतताना गाडी नगरच्या रस्त्याला लागली. मग साडू म्हणाले, "त्या रुपयाची कड मी पाहिली होती का हो, धाकटे?" मी आठवून बघितलं. म्हणालो, "नाही." ते म्हणाले, "तीन गोष्टी एकच सांगत होत्या, म्हणून चौथी पाहिली नाही, असं मी आत्तापर्यंत स्वतःला सांगत होतो. पण ते खरं नाही. क्रमच उलटा झाला होता. कड आधी असते." मग अगदी हळू आवाजात: "मी नाणं बघितलंच नव्हतं. माणूस बघितला आणि त्यावरून नाणं ठरवलं. कुणी मोठ्या घरातला असता, तर मी नक्की कड बघितली असती." त्यांच्या चुका काढायची संधी मी तीस वर्षं शोधत होतो, आणि ही सापडली तेव्हा मला ती नको होती.

गुरुजींना शोधणं अवघड गेलं नाही. पण जायला साडूंना तीन महिने लागले. पत्रं लिहिली आणि फाडली. दोनदा माझ्या स्कूटरवर बसून निघाले आणि राहुरीहून परतले, एकदा ऊन आहे म्हणून, एकदा ऊन नाही म्हणून. तिसऱ्या खेपेला मीच म्हणालो, "साडूसाहेब, उतरायचं असेल तर उतरा, गाडी आता वळणार नाही." गुरुजींचं घर कालव्याच्या पुलाजवळ. स्वच्छ अंगण, दाराशी शेवगा. गुरुजी 'जय भीम' म्हणत पुढे आले, आणि साडूंना पाहताच ओळखलं. इतक्या वर्षांनी, कललेल्या मानेवरून. "या," म्हणाले. त्यांच्या मंडळींनी सतरंजी टाकली. "बसा की, च्या ठेवते." साडू बसले नाहीत. उभ्या उभ्याच बोलले. जोडव्यांची सगळी हकीकत सांगितली, अगदी पारडं किती वर गेलं इथपर्यंत, आणि शेवटी म्हणाले, "तुमचा रुपया अस्सल होता, गुरुजी. मी चुकलो."

गुरुजी म्हणाले, "साहेब, नाण्याला तुम्ही खोटं म्हणालात ते मला लागलं नाही. नाणं असेलही खोटं, मी काय त्यातला जाणकार? पण मी माझ्या रानाचं सांगत होतो, तेव्हा तुम्ही हसलात. ते लागलं." साडू म्हणाले, "हसलो होतो?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. तेव्हा कुठे ते सतरंजीवर बसले. मग म्हणाले, "रुपया दाखवाल का? या वेळी नीट बघतो." गुरुजी म्हणाले, "रुपया नाही. दोन वर्षं ठेवला. घरी येईल तो विचारायचा, खरा का खोटा? मी काय सांगणार? खरा म्हणालो तर नगरच्या साहेबांना खोटं पाडायचं, खोटा म्हणालो तर माझ्या रानाला. शेवटी एक दिवस नांगर चालला होता, त्याच्या मागं पडलेल्या तासात सोडून दिला. ज्याचा होता त्याला परत." आतून त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "म्या म्हन्लं हुतं, ठिवा. न्हाई ऐकलं." चहा आला. साडूंनी बशी दोन्ही हातांनी धरली, पूर्ण, कडेनं नव्हे. मी पहिल्यांदाच तसं बघितलं.

जिथं बोललो तिथंच परत बोलणार, हे मात्र त्यांनी धरून ठेवलं. गुरुजी म्हणाले, "कशाला? माणसं विसरली." साडू म्हणाले, "मीसुद्धा विसरलो होतो. म्हणूनच." त्या हिवाळ्यात नगरला पुन्हा प्रदर्शन भरलं. साडू इस्त्रीचा सदरा घालून माइकसमोर उभे राहिले आणि सगळं सांगितलं, कडेचं, हसण्याचं, माणूस बघून नाणं ठरवल्याचं. समोर अकरा जण होते. त्या दिवशी जे हसले होते त्यांतले काही वारले होते, उरलेले मुलांकडे पुण्याला गेले होते. समोरच्या अकरा जणांना यातलं काहीच माहीत नव्हतं. एका ज्येष्ठ सदस्यानं व्यक्त केलेलं हे मनोगत आहे, असं समजून त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि संयोजकांनी घाईघाईनं शाल आणि नारळ आणून त्यांचा सत्कार केला. माफी मागायला गेलेला माणूस शाल पांघरून उभा होता. त्याला ती काढूनही टाकता येईना आणि ठेवूनही घेता येईना. मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं हसलं. गुरुजी होते. मला न सांगता मागाहून येऊन बसले होते. जिन्यात त्यांनी साडूंना गाठलं, शालीकडे बघितलं, पुन्हा हसले आणि म्हणाले, "साहेब, कड बघायची राहिलीय ना? या की मग. रान तिथंच आहे."

पुढची चार-पाच वर्षं हाच त्यांचा उद्योग. रानात नांगर घातला की गुरुजींचा फोन यायचा, "झाली बघा नांगरट," आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं साडू हजर. दोघं म्हातारे माना खाली घालून नांगराच्या एकेका तासातून चालायचे, गुरुजी एका टोकाकडून, साडू दुसऱ्या टोकाकडून, आणि मधे भेटले की थांबून पाणी प्यायचे. मी बांधावर बसून वर्तमानपत्र वाची. त्यांना काचेच्या बांगड्यांचे तुकडे सापडले, बैलाच्या खुराच्या पत्रीचा खिळा सापडला, एकदा दहा पैशांचं नाणं सापडलं. साडूंनी ते सदऱ्याला पुसलं. आयुष्यभर ज्यांनी नाण्याला फडकं लावू दिलं नाही, त्यांनी. उजेडात वळवून म्हणाले, "चाललेलं." गुरुजी म्हणाले, "आपल्यासारखं." तरी साडूंना घाई होती. दर वर्षी म्हणत, "खार थांबत नाही हो, धाकटे. आणखी खाल्ला असेल." मी एकदा वैतागून बोललो, दोन एकरांत एक रुपया, अहो, तो काय सापडायचाय? ते म्हणाले, "मला सापडावा असं मी कुठं म्हणतोय? मी बघत होतो, एवढं त्यांना दिसलं पाहिजे."

गेल्या पौषात साडू गेले. आठ दिवसांचं आजारपण, तक्रार नाही. शेवटी शेवटी डॉक्टरांना म्हणाले, "झिजलेलं आहे, गेलेलं नाही," आणि तो त्यांचा एकमेव चुकीचा निकाल, असं मी म्हणालो असतो, जर तो एकमेव असता तर. मला रडू येईल असं वाटलं नव्हतं. पस्तीस वर्षं ज्या माणसानं माझ्या टकलाची प्रत ठरवली, त्याच्यासाठी मी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा राहून पोरासारखा रडलो. गुरुजी दहाव्याला आले, मागे बसले, जेवून गेले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मेहुणीनं नाण्यांचे खण असलेल्या सगळ्या वह्या माझ्याकडे दिल्या. "तुम्हीच ठेवा. मला त्यांना हात लावायची भीती वाटते." नगरच्या टांकसाळीचं पान उघडलं तर एक खण रिकामा होता, पण त्याखाली चिठ्ठी होती. त्याच वळणदार अक्षरात: 'रुपया, नगर. अवस्था: झिजलेला नाही, खारानं खाल्लेला. पृष्ठ: बारीक खड्डे, ओतकामाचे नव्हेत. वजन: दीड मासा कमी, खारामुळे. आवाज: बोदा, खारामुळे. कड: पाहिली नाही.' त्याखाली आणखी एक ओळ, जी त्यांच्या दुसऱ्या कुठल्याच चिठ्ठीवर नाही: 'मालक: अस्सल.'

ती चिठ्ठी घेऊन मी गुरुजींकडे गेलो. या वेळी एकटाच, आणि गाडी मधे कुठंही वळली नाही. गुरुजींनी चष्मा लावला आणि चिठ्ठी दोन बोटांत कडेनं धरली. ही सवय त्यांना कधी लागली, कोण जाणे. दोनदा वाचली. मग म्हणाले, "कड मी पाहिली होती. दोन वर्षं रोज बघायचो. दोन बारीक भेगा होत्या, एक इकडं, एक तिकडं. मला कुणी विचारलंच नाही." मी खिशातून पेन काढून पुढे केलं. म्हणालो, "लिहा मग. तुमचा हक्क आहे." त्यांनी पेन घेतलं, टोपण काढलं, आणि पुन्हा लावलं. "नको. त्यांचं अक्षर आहे. त्याला हात लावायचा नाही." चिठ्ठी त्यांनी जशी होती तशी माझ्या हातात दिली. थोडा वेळ आम्ही दोघं शेवग्याखाली बसलो. मग गुडघ्यांवर हात देऊन ते उठले आणि म्हणाले, "परवाच नांगरट झालीय. ते असते तर आज आले असते. तुम्ही येता का?"

मला नाण्यांतलं काही कळत नाही, आणि वाकलं की कंबर धरते. नांगराच्या तासाकडे बघत गुरुजी एका टोकाकडून निघाले होते. मी वर्तमानपत्र बांधावर ठेवलं, चपला काढल्या, आणि मान खाली घालून दुसऱ्या टोकाकडून चालायला लागलो.